कारणाच्या रकान्यात ‘गांजा’

दारव्ह्याहून आम्ही बोलतो आहोत.

पोळा झाल्यावर गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही मिटली, सगळ्या उठल्या. एक जण मात्र दारातच थांबली आणि म्हणाली, “बाई, एक इचारू? पोराचे डोळे लाल असले म्हणजे ते गांजाच पेते का?” तिला बसवून घेतलं आणि मग तासभर कोणीच घरी गेलं नाही. प्रत्येकीजवळ काही ना काही ऐकलेलं होतं. एक म्हणाली, एकदा ओढला की पोरगं कामातून गेलं, वेडच लागतं. दुसरीचा भाऊ म्हणतो, झाडपाला आहे, शंकराचा प्रसाद आहे, दारूपेक्षा कितीतरी बरा. तिसरीला पुतण्याने मोबाइलवर दाखवलं होतं की युनोने आता गांजा मोकळा करून टाकला. आणि वयाने मोठ्या होत्या त्या म्हणाल्या, आपल्या वेळी असलं काही नव्हतंच मुळी.

यातलं खरं किती आणि ऐकीव किती, हे पाहायला आम्ही दोन-तीन महिने घेतले. डॉक्टरांना विचारलं, वकिलांना विचारलं, कॉलेजात शिकणाऱ्या पोरींना जुने सरकारी अहवाल शोधायला बसवलं. तेव्हा कळलं की या प्रत्येक बोलण्याला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तोच आज सांगतो. मधे आमची स्वतःची एक चूकही आहे, तीही सांगू.

सुरुवात ‘आपल्या वेळी नव्हतं’ यापासून. होतं. उलट उघड होतं. आपला वऱ्हाड 1853 सालापासून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. यवतमाळ जिल्हा तेव्हा या नावाचा नव्हता, त्याला वणी जिल्हा म्हणत, इंग्रजांच्या कागदावर ‘वून’. यवतमाळ हे नाव 1905 साली पडलं. त्या काळात गांजा सरकारी परवान्याच्या दुकानात मिळायचा. दुकानाचा परवाना सरकार देई आणि त्यावर पैसा मिळवी, जसं आज देशी दारूच्या दुकानाचं आहे. खंडव्याकडे परवाना घेतलेले शेतकरी गांजाचं पीक काढत, माल सरकारी गोदामात जमा होई आणि तिथून कर भरून दुकानदाराकडे जाई. नगर जिल्ह्यातही लागवड होती. म्हणजे आपल्या पणजीच्या काळात गांजा चोरून आणायची गरजच नव्हती.

वस्तू तीन आणि नावंही तीन, ती आधी नीट समजून घेऊ, कारण पुढे कायद्यातही हाच भेद येतो. झाड एकच. त्याची पानं म्हणजे भांग, ती वाटून पितात. मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, तो चिलमीत ओढतात. झाडाचा चिकट राळेसारखा रस गोळा केला की चरस. नशा पानात कमी, शेंड्यात जास्त, राळेत त्याहून जास्त.

आता एक नाजूक गोष्ट. पोरं ही गोष्ट तोंडावर फेकतात आणि पारायणाला बसणाऱ्या आपण गप्प होतो. शेगावच्या गजानन महाराजांच्या पोथीत चिलीम आहे. दासगणूंनी लिहिलेला ‘श्री गजानन विजय’ ग्रंथ ज्यांनी वाचला त्यांना काशीहून गांजाचा नवस घेऊन आलेला गोसावी ठाऊक आहे, विस्तवाशिवाय पेटलेली चिलीमही ठाऊक आहे. महाराज शेगावला प्रकटले ते 1878 साली. त्या काळी चिलीम ही गावच्या पारावरची रोजची वस्तू होती आणि गांजा दुकानात विकत मिळत होता, हे ध्यानात ठेवलं की त्या प्रसंगाचं नवल राहत नाही. महाराजांना त्याची आसक्ती नव्हती, असं पोथी स्वतःच सांगते. तिने कुठेही भक्तांना चिलीम ओढायला सांगितलेलं नाही. आणि आमच्यातल्या एका काकूंनी नातवाला दिलेलं उत्तर आम्हाला सगळ्यात आवडलं. त्या म्हणाल्या, “महाराजांनी उष्ट्या पत्रावळीवरचं अन्न खाल्लं, ते नाही करत रे तू कधी!”

तर गांजा असा उघड असताना त्याबद्दल भीती कुठून आली? 1893 सालच्या 2 मार्चला विलायतेच्या संसदेत केन नावाच्या सभासदाने प्रश्न विचारला. हे गृहस्थ दारूबंदीच्या चळवळीतले. हिंदुस्थानात सरकार गांजा विकून पैसा कमावतं आणि लोक त्याने बरबाद होतात, याची चौकशी करा, अशी त्यांची मागणी होती. त्यावरून इथल्या सरकारने सात जणांचा आयोग नेमला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सातांत तीन हिंदी माणसं. आयोग प्रांतोप्रांती फिरला, ब्रह्मदेशातही गेला. वऱ्हाडची माहितीही त्याने घेतली. 1,193 साक्षीदारांचं म्हणणं नोंदलं. अधिकारी, डॉक्टर, वैद्य, हकीम, शेतकरी, दुकानदार, मिशनरी, बैरागी, सगळे. 1894 साली अहवाल आला, त्याचे सात जाडजूड खंड झाले. आपल्याकडे तेव्हा शकुंतला गाडीसुद्धा आलेली नव्हती, कापूस बैलगाडीने जायचा, आणि सरकार मात्र चिलमीवर सात खंड लिहीत होतं!

त्या सात खंडांतला एकच भाग आम्ही सविस्तर सांगणार आहोत, वेड्यांच्या इस्पितळांचा. कारण ‘गांजाने वेड लागतं’ हे वाक्य तेव्हाही प्रत्येकाच्या तोंडी होतं आणि पुरावा म्हणून इस्पितळांचे आकडे दाखवले जात. नागपूरचं मनोरुग्णालय 1864 पासूनचं आहे, आपण अजूनही रागाच्या भरात एखाद्याला म्हणतोच की याला नागपूरला पाठवा. अशी इस्पितळं देशभर होती. तिथे आलेल्या प्रत्येक रोग्याचा कागद असे आणि त्यावर एक रकाना असे: वेडाचं कारण. 1892 साली देशातल्या इस्पितळांत 1,344 माणसं दाखल झाली. त्यातल्या 222 जणांच्या रकान्यात गांजा, भांग किंवा चरस असं लिहिलेलं होतं. म्हणजे सहातला एक.

आयोगाने त्या 222 जणांची एकेक चौकशी करायला लावली. रोगी कुठला, घरचे कोण, खरंच ओढायचा का, किती, वेड आधी होतं की ओढणं आधी. आणि मग हा रकाना कसा भरला जातो ते उघडं पडलं. रस्त्यावर फिरणारा एखादा भ्रमिष्ट माणूस पोलीस पकडून आणत. बरोबर घरचं कोणी नसे. कागद पूर्ण करायचा म्हणजे कारण लिहायलाच हवं. विचारणार कोणाला? अंगावर राख, जटा वाढलेल्या, जवळ चिलीम, मग लिहा गांजा. इस्पितळाच्या डॉक्टरलाही दुसरं काही माहीत नसे, म्हणून तोही तेच उतरवून घेई. वर्षअखेरीला त्याची बेरीज होई आणि ती बेरीज सरकारी आकडा म्हणून छापली जाई. मग तोच आकडा वाचून पुढचा पोलीस, पुढचा डॉक्टर पुन्हा तेच लिही.

चौकशीअंती 222 मधली 98 प्रकरणं उरली, जिथे नशेचा वेडाशी काही संबंध असेल असं म्हणता येत होतं. त्यातही कित्येकांत दुसरी कारणं मिसळलेली होती. बाकीची सगळी रकान्याची करामत.

आयोगाने शेवटी काय म्हटलं? बेताने घेणाऱ्या बहुतेकांना फारसा अपाय दिसत नाही. अतिरेकाने शरीर आणि मन दोन्ही बिघडतात, आणि ज्याच्या मनात आधीच कुठे कच्चेपणा असेल त्याला वेडाकडे ढकलायला ही नशा पुरते. संपूर्ण बंदी करू नये, कर आणि परवाने कडक करावेत. सरकारला महसूल हवाच होता, हेही विसरू नका. आम्हाला आयोगाचं सगळंच पटतं असं नाही. पण रकाना तपासायची त्यांची पद्धत पटली, आणि ती आम्हाला बोचली.

बोचली, कारण आम्हीही एक रकाना भरला होता.

तीन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतला एक मुलगा अकरावीत होता. हळूहळू तो शाळेत जाईनासा झाला. रात्र रात्र जागा, एकटाच हसायचा, आईवर संशय घ्यायचा की तू भाजीत काही घालतेस. मागच्या वर्षी दोन-चार पोरांबरोबर त्याला नाल्याकडे धूर काढताना कोणीतरी पाहिलं होतं. झालं. गंजेडी हे नाव पडलं. त्या माउलीने गटात रडत रडत सांगितलं तेव्हा आम्ही तिघी-चौघी तिच्या घरी गेलो आणि त्या पोराला दीड तास झापलं. आईलाही सांगितलं, खोलीत कोंड, पैसे देऊ नको, मार दे, चार दिवसांत सुटते. बापाने मारलंही. मग कोणी सांगितलं म्हणून देवस्थानावर नेऊन पाच अमावास्या केल्या. असे सात-आठ महिने गेले. शेवटी पोरगं विहिरीच्या काठावर जाऊन बसलं तेव्हा त्याच्या मामाने त्याला यवतमाळला मानसिक आजाराच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार आहे, औषधं लागतील, आणि सात-आठ महिने आधी आणला असता तर बरं झालं असतं.

त्याने गांजा ओढला होता का? होय, ओढला होता, त्यानेच डॉक्टरांना सांगितलं. मग गांजाने झालं का? डॉक्टरांनी असं सरळ उत्तर दिलं नाही. त्यांनी उलट विचारलं: कधीपासून, किती वेळा, त्याआधी तो कसा होता, घराण्यात कोणाला असा त्रास होता का. त्याच्या बापाच्या चुलत्याला होता. हे आम्ही कोणी कधी विचारलंच नव्हतं.

1894 च्या आयोगाला कोवळ्या पोरांच्या मेंदूचं काही ठाऊक नव्हतं, तो अभ्यासच तेव्हा नव्हता. त्यांनी पाहिली ती मोठी माणसं. म्हणून आज कोणी त्या अहवालाकडे बोट दाखवून ‘इंग्रजांनीही म्हटलं अपाय नाही’ असं सांगू लागला तर त्याला थांबवा. पंधरा वर्षांच्या मुलाबद्दल तो अहवाल काही सांगत नाही. ते ज्ञान नंतर आलं, आणि त्यातही वाद आहेत, तेही झाकून ठेवायचं कारण नाही.

स्वीडन देशात 1969-70 मध्ये सैन्यभरतीला आलेल्या सुमारे 45,000 तरुणांना विचारून ठेवलं होतं की गांजा घेतला का, किती वेळा. पुढे पंधरा वर्षं त्यांच्या तब्येतीच्या नोंदी पाहिल्या आणि 1987 साली निष्कर्ष छापला. ज्यांनी पन्नासहून जास्त वेळा घेतला होता त्यांच्यात स्किझोफ्रेनिया हा मनाचा मोठा आजार सहापट आढळला. घरची परिस्थिती, आधीपासूनचा त्रास या गोष्टी हिशेबात धरल्या तर तो फरक सहापटीवरून दुपटीच्या थोडा वर येतो. दुपटीही थोडी नव्हे. पण हा आजार मुळात शंभरात सुमारे एकाला होतो, म्हणजे गांजा घेणाऱ्यांतलेही बहुतेक जण वेडे होत नाहीत. ‘एकदा ओढला की वेड’ हे म्हणूनच खोटं, आणि ‘काही होत नाही’ हेही तितकंच खोटं. ज्या घरात कोणाला असा आजार होऊन गेला, त्या घरच्या मुलाला धोका जास्त.

दुसरा अभ्यास न्यूझीलंडमधल्या डुनेडिन गावचा. 1972-73 मध्ये जन्मलेल्या 1,037 मुलांना तिथे जन्मापासून मोठेपणापर्यंत तपासत राहिले. 2012 साली त्यांनी सांगितलं की ज्यांनी शाळकरी वयात सुरुवात केली आणि पुढे वर्षानुवर्षं सोडला नाही, त्यांचा बुद्ध्यांक अडतीसाव्या वर्षापर्यंत आठ गुणांपर्यंत घसरला. मोठेपणी सुरू करणाऱ्यांत तशी घसरण नव्हती. हे ऐकून आम्ही म्हटलं, चला, पुरावा मिळाला. पण 2016 साली अमेरिकेत जुळ्या भावंडांवर अभ्यास झाला. एक ओढणारा, एक न ओढणारा. ओढणाऱ्याची घसरण न ओढणाऱ्या जुळ्यापेक्षा जास्त निघाली नाही. म्हणजे घरची परिस्थिती, शाळा सुटणं, संगत यांचाही त्यात हात असणार. तेव्हा पोराला ‘तुझी बुद्धी आठ गुणांनी जाईल’ असं सांगू नका. नशेत असताना ध्यान लागत नाही, ऐकलेलं आठवत नाही, मोटरसायकल चालवताना अंदाज चुकतो, हे मात्र पक्कं आहे, आणि दहावी-बारावीच्या वयात एवढंही पुरे आहे नुकसानीला.

सवय लागते का, हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. गांजाची सवय लागत नाही असं पोरं छातीठोक सांगतात. लागते. घेणाऱ्या दर शंभरात सुमारे नऊ जणांना लागते, आणि किशोरवयात सुरू केलं तर सहात एकाला. म्हणजे सहातल्या पाचांना लागत नाही, म्हणूनच एखाद्या पोराला मित्रांकडे पाहून खोटा धीर येतो. शिवाय गांजा पूर्वीसारखा राहिलाच असेल असंही नाही. अमेरिकेत पकडलेल्या मालात नशेचा अंश 1995 मध्ये सुमारे 4 टक्के होता, तो 2014 पर्यंत 12 टक्क्यांवर गेला. आजोबा ओढायचे आणि नव्वद वर्षं जगले, ही गोष्ट म्हणून फारशी उपयोगाची नाही.

लाल डोळ्यांचं राहिलंच. गांजाने डोळे लाल होतात, भूक खवळते, उगाच हसू येतं, हे खरं. पण जागरणाने होतात, डोळे आले की होतात, आणि आपल्या जिल्ह्यात तर फवारणीनेही होतात. 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली, कितीतरी जणांच्या डोळ्यांना त्रास झाला. दारात थांबलेल्या त्या बाईचा मुलगा आठ दिवस फवारणीच्या मजुरीला जात होता. आधी त्याला दवाखान्यात न्यायला हवं होतं, आणि ती पाहत होती त्याचे खिसे.

आता आकडे. सगळीच पोरं वाया गेली असं पारावर बोललं जातं. 2019 साली केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून करवून घेतलेली देशभराची पाहणी जाहीर झाली. त्यात 10 ते 17 वर्षांच्या मुलांत गांजा-भांग घेणारे 0.9 टक्के निघाले, म्हणजे सुमारे 20 लाख. शंभर मुलांत एकही पुरता नाही. पण त्याच पाहणीत दारू घेणारी मुलं 1.3 टक्के आणि हुंगायची नशा करणारी 1.17 टक्के होती. हुंगायची म्हणजे पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर, पेट्रोल. ही दुकानात दहा-वीस रुपयांत मिळते, तिचा वास कपड्यांना येतो आणि ती मोठ्यांपेक्षा मुलांतच जास्त आढळते. आपण चिलीम शोधत बसतो आणि दप्तरातली सोल्युशनची ट्यूब सायकलची म्हणून परत ठेवून देतो.

आणि खर्रा? त्याबद्दल तर बोलूच नये, इतका तो आपल्या अंगणातला. महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 पासून आहे, अठराच्या आतल्या मुलाला तंबाखू विकणं 2003 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पाहुणे आले की आपणच पोराच्या हातात पैसे देतो, जा रे, मामासाठी दोन खर्रे घोटून आण. आमच्यातल्याच काही जणी सकाळी दाताला तंबाखूचं मंजन लावतात. पोरगं पहिली नशा घरात बघतं. गांजावर भाषण द्यायला निघालेल्या आम्ही इथे जरा खाली मान घातली होती.

कायद्याचा इतिहास लहान आहे, पण त्यातल्याच गैरसमजांनी घरं बुडतात. 1961 साली युनोमध्ये अमली पदार्थांचा मोठा करार झाला. पानांपासून होणारी भांग त्यातून बाहेर राहिली, आणि गांजा बंद करायला देशांना पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. ती मुदत संपत आली तेव्हा भारताने 1985 चा अमली पदार्थ विरोधी कायदा केला, तो 14 नोव्हेंबर 1985 पासून लागू झाला. शतकभर परवान्याने विकलेली वस्तू अशी चाळीस वर्षांपूर्वी गुन्हा झाली. पानांची भांग त्या कायद्याच्या व्याख्येत नाही, पण महाराष्ट्राच्या 1949 च्या दारूबंदी कायद्यात ती आहे, तेव्हा होळीला कोणी ‘भांग चालते’ म्हणाला तर परवाना विचारा. मोबाइलवरचं ते युनोचं म्हणाल तर 2 डिसेंबर 2020 ला युनोच्या आयोगाने गांजाला सर्वात कडक यादीतून काढलं, औषधासाठी अभ्यास सोपा व्हावा म्हणून. दुसऱ्या यादीत तो अजून आहे, आणि आपल्या कायद्यात तर काडीचा बदल नाही.

एक किलोपर्यंतचा गांजा कायद्याच्या भाषेत अल्प प्रमाण आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर गेलं की दहा ते वीस वर्षं. ओढायची सवय लागलेल्या माणसाने स्वतः होऊन सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतला, तर ओढल्याच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालवू नये, अशी तरतूद याच कायद्याच्या 64 अ कलमात आहे. ही गोष्ट आम्ही ज्या ज्या बाईला सांगितली तिला ती नवीन होती. केस होईल या भीतीने पोराला दवाखान्यात न नेणाऱ्या आया आम्ही पाहिल्या आहेत. अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, मोठ्यांच्या कोर्टात थेट नाही. मात्र सोळा-सतरा वर्षांचा मुलगा मोठ्या साठ्यासह सापडला तर मंडळ तपासणी करून प्रकरण पुढे पाठवू शकतं. ‘एवढी बॅग यवतमाळच्या स्टँडवर दे, पाचशे देतो’ असं पोरांना सांगणारे हे ओळखून असतात. लहान मुलाला नशेचा पदार्थ देणं किंवा त्याच्याकडून विकवणं, वाहून नेणं, याला 2015 च्या बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तक्रार द्यायची ती त्या माणसाची.

शेतीचंही सांगून टाकू. तुरीत किंवा कपाशीत मधे गांजाची झाडं लावल्याच्या बातम्या पेपरात येतात. लागवडीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि झाडं किती, हे कलम विचारत नाही. सातबारावर आता आपली नावं लागली, चांगलं झालं. पण मग बांधावर काय उगवतं तेही आपणच बघायचं. गावात अशी लागवड दिसली तर पोलिसांना ताबडतोब कळवणं हे सरपंच आणि पंचांचं कायद्याने कर्तव्य आहे, कलम 47. ऐकणाऱ्यांत सरपंच ताई पुष्कळ आहेत.

भीती घालून पोरं सुधारतात का, याचाही अनुभव जगात घेऊन झाला आहे. अमेरिकेत 1983 पासून पोलीस शाळाशाळांत जाऊन नशेविरुद्ध वर्ग घेऊ लागले, लाखो मुलांनी ते वर्ग केले. पुढे तपासलं तर वर्ग केलेली आणि न केलेली मुलं सारखीच निघाली. पोराला एक गोष्ट वाढवून सांगितली आणि ती खोटी आहे हे त्याने मित्राकडे पाहून ओळखलं, की पुढचं खरंही ते ऐकत नाही. आम्ही त्या मुलाला दीड तास जे सांगितलं होतं त्यातलं निम्मं असंच होतं.

कुठे विचारायचं ते लिहून घ्या. नशेबद्दल 14446, मनाच्या त्रासाबद्दल 14416, मुलांसाठी 1098. तिन्हींना पैसे लागत नाहीत. दारव्ह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करता येते, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसिक आजाराचा विभाग आहे. जाताना पोराला ‘चल, दाखवतेच तुले’ असं म्हणून नेऊ नका. आणि एका कागदावर लिहून न्या: झोप कधीपासून बिघडली, शाळा कधी सुटली, काय घेतो, किती वेळा, घराण्यात कोणाला काही होतं का. डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो, रांग मोठी असते.

ही कागदाची युक्ती त्या मुलाच्या आईची आहे. तिने शाळेची जुनी वही घेतली, तारखा टाकल्या, आता दर महिन्याला ती वही घेऊन यवतमाळला जाते. मुलगा औषधांवर आहे, मधे दोनदा सोडली तेव्हा पुन्हा बिघडला होता. सध्या तो मामाच्या दुकानात बसतो, बारावी बाहेरून द्यायचं म्हणतो. आम्ही त्या दिवशी झापल्याचं त्याने अजून विसरलेलं नाही. आम्ही माफी मागायला गेलो तेव्हा तो आतल्या खोलीतून बाहेर आला नाही, त्याच्या आईने चहा केला. तिने वही दाखवली. पहिल्या पानावर डॉक्टरांच्या कागदावरून तिने सगळं उतरवून घेतलं होतं, नाव, वय, गाव, त्रास. कारण या शब्दापुढची जागा तिने मोकळी ठेवली आहे.